डुप्लिकेट : एका शब्दाची हकीकत



ज्या शब्दाविषयी आज चार गोष्टी सांगावयाच्या आहेत, तो जन्माने इंग्रजी आहे; तथापि मुंबईच्या उपनगरांत त्याला परका म्हणणारा मनुष्य शोधून सापडणार नाही. अंधेरी स्टेशनाबाहेर बसणारा चावीवाला, बोरिवलीचा स्कूटर दुरुस्त करणारा कारागीर, मुलुंडचा औषधविक्रेता, घाटकोपरच्या चाळीत दारात भाजी निवडीत बसलेल्या आजीबाई, ह्या सर्वांच्या तोंडी तो आहे. आणि ज्यांना इंग्रजी वर्णमालेशी काही कर्तव्य नाही त्यांच्या तोंडी तर तो अधिकच मोकळेपणाने वावरतो. हा शब्द म्हणजे 'डुप्लिकेट'. कोणी 'डुब्लिकेट' म्हणतात, कोणी 'डुप्लीकेट' असा लांबवितात; अर्थ मात्र सर्वांना एकच अभिप्रेत असतो. जे अस्सल नाही ते, जे दुसऱ्याचे रूप घेऊन आले आहे ते. थोडक्यात म्हणजे खोटे.

परंतु नवल असे की, ज्या भाषेतून हा शब्द आपल्याकडे आला तेथे त्याचा हा मुख्य अर्थ नव्हे. तेथे डुप्लिकेट म्हणजे दुसरी प्रत, पहिलीशी तंतोतंत जुळणारी. तिच्यात खोटेपणाचा अंश असण्याचे काही कारण नाही. शब्दाने समुद्र ओलांडला आणि त्याची अब्रू गेली, असेच म्हणावे लागते. ती कशी गेली, आणि ती गेल्यामुळे आपणा साध्या माणसांचे काही नुकसान होते की काय, एवढेच आज पाहावयाचे आहे. होते, असे माझे मत आहे. आणि ते नुकसान केवळ भाषेचे नव्हे.

प्रथम शब्दाचे कूळ पाहू. लॅटिन भाषेत 'दुओ' म्हणजे दोन आणि 'प्लिकारे' म्हणजे घडी घालणे. कागदाची घडी घातली की एकाचे दोन पदर होतात आणि ते एकावर एक नेमके बसतात. त्यावरून 'दुप्लिकारे' म्हणजे दुप्पट करणे. आपला संस्कृत 'द्वि' आणि लॅटिनांचा 'दुओ' हे एकाच घराण्यातले. घडी घालण्याच्या ह्याच धातूपासून इंग्रजीत मोठे गोत्र जमले आहे: गुणाकार तो मल्टिप्लिकेशन, अर्ज तो अॅप्लिकेशन, उत्तर तो रिप्लाय, आणि हुबेहूब प्रतिकृती ती रेप्लिका. शब्दांची वंशावळ काढीत बसण्याची खोड शिक्षकाला लागली की ती सेवानिवृत्तीनंतरही जात नाही. असो.

ह्या मूळ अर्थाला जवळचा असा एक शब्द आपल्या शेतकऱ्यापाशी फार दिवसांपासून आहे. तो म्हणजे 'दुबार'. पहिला पाऊस पडून गेला, पेरले, आणि मग पावसाने ओढ दिली म्हणजे शेतकऱ्यावर दुबार पेरणीची पाळी येते. ही दुसरी पेरणी खोटी नसते. बियाणे आणि कष्ट दोन्ही खरेच असतात, दुःख असते ते दुप्पट खर्चाचे. मतदारयाद्यांच्या संबंधात हाच शब्द शहरातही ऐकू येतो. घाटकोपरच्या चाळीतून मुलुंडला राहावयास गेलेल्या कुटुंबाचे नाव जुन्या यादीत तसेच राहते आणि नव्या यादीत चढते, त्याला 'दुबार नाव' म्हणतात. ह्यात त्या कुटुंबाने काही लबाडी केलेली असतेच असे नाही. परंतु दुसऱ्याच्या नावावर मत देऊन जाणारा तो निराळा; त्याला 'बोगस मतदार' म्हणतात. हा 'बोगस' शब्द अमेरिकेचा. खोटी नाणी पाडण्याच्या यंत्राला १८२० नंतरच्या दशकात तिकडे ते नाव होते. सांगावयाचे इतकेच की, 'दुबार' आणि 'बोगस' ह्यांत जे अंतर आहे, ते 'डुप्लिकेट' म्हणताच नाहीसे होते.

कायद्याच्या आणि व्यापाराच्या कागदांत मात्र ह्या शब्दाने आपला जुना मान राखला आहे. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात असे होते की, एखादा दस्तऐवज अनेक प्रतींत करून सर्वांवर सह्या झाल्या असतील, तर त्यांतील प्रत्येक प्रत ही प्राथमिक पुरावाच समजावी. अमुक पहिली आणि अमुक दुसरी असा भेद नाही. त्या कायद्याच्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, त्यातही हे तत्त्व कायम आहे. छापील वस्तूंविषयी तर ह्या कायद्याचा विचार फारच मार्मिक आहे. एकाच छपाईतून निघालेल्या सर्व प्रती एकमेकींच्या मजकुराचा प्राथमिक पुरावा होत. मात्र ज्या मुळावरून त्या सर्व छापल्या, त्या मुळाचा पुरावा म्हणून त्यांतील एकीलाही तो मान नाही. ज्याने हे कलम लिहिले त्याने 'मूळ' आणि 'प्रत' ह्या दोन शब्दांवर कोणा नैयायिकाइतकाच खल केला असला पाहिजे.

व्यापाराचे उदाहरण घ्या. वस्तू व सेवा कराच्या नियमांप्रमाणे मालाचे बिल तीन प्रतींत करावे लागते. मूळ प्रत माल घेणाऱ्याची, डुप्लिकेट प्रत वाहतूक करणाऱ्याची आणि ट्रिप्लिकेट विकणाऱ्याची. आणि तसे त्या त्या प्रतीवर लिहावेही लागते. मुलुंडच्या नाक्यावर पूर्वी जकातीसाठी मालमोटारींची रांग लागे. १ जुलै २०१७ पासून जकात गेली. मालमोटारी मात्र त्याच रस्त्याने येतात. त्यांतल्या चालकाजवळच्या बिलावर 'डुप्लिकेट' असे स्पष्ट लिहिलेले असते, आणि तसे लिहिलेले असते म्हणूनच तो कागद नियमाला धरून असतो. त्याच गाडीत जर खोट्या मार्काचे सुटे भाग भरलेले असतील, तर त्यांनाही आपण 'डुप्लिकेट'च म्हणणार! एकाच गाडीत एकाच शब्दाने खरा कागदही ओळखावा आणि खोटा मालही ओळखावा, अशी ही अवस्था आहे.

मग बाजारात हा शब्द असा का घसरला? माझा तर्क असा आहे. दुकानदाराला दोन प्रकारचा माल ठेवावा लागतो. गिऱ्हाइकाने भाव ऐकून तोंड वाकडे केले की तो मागच्या फळीवरचा दुसरा डबा काढतो. त्या मालाला 'खोटा' म्हणावे तर विकणाऱ्याची अब्रू जाते आणि घेणाऱ्याचीही. 'नकली' म्हणावे तरी तेच. अशा अडचणीच्या वेळी परभाषेतला शब्द पडद्याचे काम करतो. "साहेब, ओरिजिनल महाग पडेल, डुप्लिकेटमध्ये देऊ का?" असे म्हटले की दोघांचीही लाज राहते. जी गोष्ट स्वभाषेत बोलताना जीभ अडखळते ती इंग्रजीत सहज निघून जाते, हा अनुभव आपणांस इतरत्रही आहेच. 'कर्ज' काढले हे सांगण्यास संकोचणारा गृहस्थ 'लोन' घेतल्याचे चारचौघांत सांगतो. डुप्लिकेट शब्दाने अशी पुष्कळांची लाज राखली. आणि राखता राखता ती लाज त्याच्याच अंगाला चिकटली. आता तर घड्याळे, बूट आणि चष्मे ह्यांच्या बाजारात 'फर्स्ट कॉपी' म्हणून एक नवा शब्द निघाला आहे. म्हणजे नकलेतही पहिला वर्ग आणि दुसरा वर्ग! परीक्षा घेणारा कोण, हे मात्र विचारावयाचे नाही.

ह्या घसरणीतून दोघेजण वाचले आहेत. एक आपला चावीवाला. "ह्या कुलपाची डुप्लिकेट चावी करून द्या," असे म्हणताना कोणाच्याही मनात खोटेपणाची शंका येत नाही. कारण कुलूपच साक्षीला असते. चावी लागली तर ती खरी, न लागली तर कारागीर पुन्हा कानस मारून देतो. दुसरा मनुष्य म्हणजे चित्रपटांत नायकाच्या ऐवजी उडी घेणारा. गोरेगावची चित्रनगरी १९७७ साली निघाली, आणि अंधेरी–गोरेगावच्या बाजूला ह्या धंद्यातली पुष्कळ माणसे राहतात. त्यांच्या बोलीत नायकाच्या जागी धोका पत्करणाऱ्यास 'डुप्लिकेट' म्हणतात. त्याची उडी खरी असते, हाड मोडले तर तेही खरेच मोडते. खोटा असतो तो चेहरा, आणि तो तर कॅमेऱ्यापासून लपविलेलाच असतो.

'डुप्लिकेट'चा प्रतिस्पर्धी जो 'ओरिजिनल', त्याचाही अर्थ आपण नीट पाहिलेला नाही. इंग्रजीत हा शब्द आधी 'आरंभापासूनचा, मूळचा' अशा अर्थाचा होता. पुढे तो 'पूर्वी कोणी न केलेले, नवे' अशाही अर्थाने वापरात आला. म्हणजे अगदी जुने तेही ओरिजिनल आणि अगदी नवे तेही ओरिजिनल. आपल्या बाजारात ह्या दोहोंपैकी एकही अर्थ चालत नाही. तेथे ओरिजिनल म्हणजे कंपनीचे. आता विचार करा: प्रेशर कुकरची कंपनीची जी रबरी कडी आपण 'ओरिजिनल' म्हणून आणतो, तिच्यासारख्या लाखो कड्या त्याच साच्यातून निघालेल्या असतात. तीही एक प्रतच आहे. मग तिला आपण जास्त पैसे का मोजतो? ती पहिली आहे म्हणून नव्हे, एकमेव आहे म्हणूनही नव्हे. तर ती फाटली, तिच्यापायी झाकण उडाले, तर जाब कोणाला विचारावयाचा ते तिच्यावर लिहिलेले आहे म्हणून. खऱ्याखोट्याचा निवाडा येथे रूपावर नाही, जबाबदारीवर आहे. १९९९ च्या व्यापारचिन्हांच्या कायद्यातही नुसते साम्य हा कळीचा मुद्दा नाही. फसगत व्हावी असे साम्य आहे काय, हे पाहावयाचे असते.

आपल्या मराठीत ह्या निरनिराळ्या छटांसाठी निरनिराळे शब्द आहेत, आणि ते सर्व एका इंग्रजी शब्दाने बाजूस सारावेत ह्याचे मला वाईट वाटते. 'नक्कल' हाच शब्द घ्या. तो अरबीतून फारशीच्या द्वारे दफ्तरांत आला. मूळ अर्थ एका जागेहून दुसऱ्या जागी नेणे, त्यावरून उतरून घेणे. त्याचा जोडीदार 'अस्सल', त्याच्या मुळाशी असलेल्या अरबी शब्दाचा अर्थच मूळ, पाळ. मोडी दफ्तरे चाळणाऱ्या अभ्यासकांना 'अस्सल पत्र' आणि 'नक्कल' हे शब्द नित्याचे असतात, आणि तेथे नक्कल म्हणजे खोटे पत्र असा अर्थ नसतो. जमिनीच्या कचेरीतून उतारा काढला तर त्यावर 'खरी नक्कल' असा शिक्का बसतो. ज्याला मराठी येत नाही अशा माणसाला ह्या दोन शब्दांचा संसार समजावून देणे कठीण. आपल्याला मात्र त्यात यत्किंचितही विसंगती वाटत नाही. वर्गात फळ्यावरचे 'नकलून घ्या' म्हणणारे आम्ही शिक्षक, आणि परीक्षेत 'नक्कल करू नका' म्हणणारेही आम्हीच.

ह्याशिवाय 'बनावट' आहे, ज्यात फसविण्याचा हेतू गृहीत आहे. 'हिणकस' आहे, ज्यात फसवणूक असो वा नसो, कस कमी आहे. 'तोतया' आहे, आणि हा तर केवळ माणसासाठी राखून ठेवलेला शब्द. १७६१ साली पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पुढे आपणच भाऊसाहेब म्हणणारा एक मनुष्य उभा राहिला, त्याच्यामागे फौज जमली, आणि १७७६ साली त्याचा शेवट झाला. न. चिं. केळकरांनी ह्याच प्रकरणावर 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिले. आजही वर्तमानपत्रांत 'तोतया पोलीस' सापडतो तो त्याच शब्दाने ओळखला जातो. तोतया पोलिसाला अजून कोणी 'डुप्लिकेट पोलीस' म्हणत नाही असे म्हणणार होतो. पण लोकलगाडीत तेही कानी पडले आहे.

मालाडचा बाजार ज्यांनी पाहिला असेल त्यांना 'इमिटेशन' हा आणखी एक शब्द ठाऊक असेल. गळ्यातले, कानांतले, बांगड्या, सर्व सोन्यासारखे; आणि विकणारा व घेणारी दोघांनाही पक्के ठाऊक की हे सोने नव्हे. घरोघर त्याला 'बेंटेक्स' म्हणतात. लोकलच्या गर्दीत जाणाऱ्या बायकांनी सोने घरी ठेवून बेंटेक्स घालावे, ह्यात कोणाची फसवणूक आहे? चोराची झाली तर झाली. ह्याउलट कमी कसाचे सोने पुऱ्या कसाचे म्हणून विकणे ही सरळ लबाडी. म्हणूनच जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सोन्याच्या दागिन्यांवर हॉलमार्क सक्तीचा झाला. बेंटेक्सची पाटली प्रामाणिक आहे आणि तो हिणकस दागिना अप्रामाणिक. ह्या दोहोंना डुप्लिकेट म्हणणे म्हणजे नाटकातला चोर आणि घरात शिरलेला चोर ह्यांना एकाच बेडीत अडकविणे होय.

उल्हासनगरच्या मालावरची 'मेड इन यू. एस. ए.' ही थट्टा आपण ऐकलीच असेल. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित येऊन राहिले, मुलुंडलाही त्यांची वसाहत झाली. हातात भांडवल नाही, ओळखदेख नाही. अशा स्थितीत त्यांनी छोटे धंदे उभारले. परदेशी वस्तू पाहून तशी वस्तू घडविणे ह्याला कौशल्य लागते. दुसऱ्याचे नाव त्यावर चिकटविणे हे वाईट, ह्यात शंका नाही. परंतु आपली थट्टा त्या चिठ्ठीवर थांबत नाही, ती कारागिराच्या हातालाही लागते. ते मला पटत नाही.

वाङ्मयातली गोष्ट थोडक्यात सांगतो. आपल्या जोगेश्वरी–पार्ल्यात वाढलेल्या पु. ल. देशपांड्यांनी बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून १९७५ साली 'ती फुलराणी' रंगभूमीवर आणली. ते रूपांतर आहे हे कोणापासून लपविले नाही. आणि त्या मंजुळेची बोली शॉला सात जन्मांत सुचली नसती! उसने आणले तर सावकाराचे नाव सांगावे, इतकेच.

आता ज्या कारणासाठी हा विषय मला बोलावासा वाटला तिकडे वळतो.

२६ जुलै २००५ रोजी उपनगरांवर जे आभाळ फाटले ते कोण विसरेल? सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच दिवशी कुलाब्यास पाऊणशे मिलिमीटरही नव्हता. मिठी नदी फुगली, कुर्ला आणि कालिना पाण्याखाली गेले, साकीनाक्याला दरड कोसळून माणसे गाडली गेली. पाणी ओसरल्यावर लोकांनी प्रथम माणसे शोधली, मग भांडीकुंडी, आणि मग ध्यानात आले की कागद गेले. गोरगरिबाच्या घरी कागद ठेवावयाची जागा म्हणजे पलंगाखालची पत्र्याची पेटी. पाणी आधी तेथेच शिरले.

मी त्या वेळी घाटकोपरच्या एका शाळेत होतो. ऑगस्टभर शाळा सोडल्याच्या दाखल्याची दुसरी प्रत मागणाऱ्यांची रीघ लागली. कोणी त्या वर्षी दहावी झालेला, कोणी पंधरा वर्षांपूर्वी शाळा सोडून गेलेला. अर्ज, प्रतिज्ञापत्र, सर्व रीतीप्रमाणे घेऊन दाखले दिले जात. आणि दर दाखल्याच्या माथ्यावर तांबड्या शाईने इंग्रजी शिक्का बसे: डुप्लिकेट. नियमाने तो योग्यच होता.

आठच दिवसांत एक पालक परत आले. साकीनाक्याच्या एका कारखान्यात कामाला होते. मुलाला एका ठिकाणी प्रवेश मिळत होता आणि मुदत उद्याची. तेथील खिडकीवरच्या कारकुनाने दाखला परत केला होता. "डुप्लिकेट चालणार नाही, ओरिजिनल आणा." ते मला म्हणाले, "गुरुजी, पोराचं वर्ष जाईल. तुम्ही आम्हाला खोटा दाखला का दिलात?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपे गेले असते. ज्या शाळेवर विश्वास ठेवला तिनेच आपल्या हाती खोटे काही ठेवले, असे त्या माणसाला खरोखरीच वाटत होते; आणि असे वाटावयास कारण तो तांबडा शिक्का. बाजारात त्यांनी जन्मभर त्या शब्दाचा एकच अर्थ ऐकला होता. खिडकीमागच्या कारकुनानेही तोच ऐकला होता.

मी त्यांना शाळेचे जनरल रजिस्टर उघडून दाखविले. मुलाचे नाव, आईचे नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, शाळेत दाखल झाल्याची तारीख, सर्व नोंद त्यात होती. म्हणालो, "भाऊ, मूळ ते हे. हे पुस्तक शाळेबाहेर जात नाही. पहिल्या वेळी दिलेला दाखलाही ह्याच्यावरून उतरलेला, आणि हाही ह्याच्यावरूनच उतरलेला. पहिला बुडाला, दुसरा तुमच्या हाती आहे. दोघांचा बाप एकच." हे त्यांना चटकन पटले. कारकुनाला पटावयास मात्र मुख्याध्यापकांचे पत्र घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळी मला त्यांच्याबरोबर जावे लागले. तेथे अर्धा तास वाद झाला. शेवटी आतल्या साहेबांनी दाखला पाहिला, "दुसरी प्रत आहे, घ्या की!" असे म्हणाले, आणि काम झाले. 'डुप्लिकेट' म्हणून जो कागद अडला तोच 'दुसरी प्रत' म्हणून चालला. कागदावरील एक अक्षरही बदललेले नव्हते.

त्यानंतर मुख्याध्यापकांनी शिक्का बदलून घेतला. 'दुसरी प्रत. शाळेच्या नोंदवहीवरून दिली,' असा मराठी शिक्का तयार झाला आणि इंग्रजी शिक्क्याच्या खाली तोही उमटू लागला. त्यापुढे कोणी परत आल्याचे मला आठवत नाही.

दुसरी गोष्ट औषधांची, आणि ती अधिक गंभीर आहे. आमच्या इमारतीत एक वृद्ध काकू आहेत. त्यांना रक्तदाबाची गोळी रोज घ्यावयास सांगितलेली. ठरलेल्या नावाची गोळी महाग पडते म्हणून त्या एक दिवसाआड घेत असत. मला हे कळले तेव्हा मी म्हटले, "काकू, ह्याच औषधाची जेनेरिक गोळी मिळते, पुष्कळ स्वस्त. डॉक्टरांना विचारा." त्यावर त्यांनी हात झटकले. "नको हो मास्तर, ते डुप्लिकेट औषध. त्यापेक्षा अर्धं घेतलेलं बरं."

पाहा, एका शब्दाने काय केले! खरे औषध अर्धवट घेण्यात त्यांना धोका दिसत नव्हता, आणि दुसऱ्या नावाने मिळणारे तितकेच खरे औषध पुरे घेण्यात दिसत होता.

वस्तुतः १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात, पुढील दुरुस्त्यांसह, हे भेद निराळे काढून ठेवलेले आहेत. ज्यावरील चिठ्ठी खोटी वा दिशाभूल करणारी ते एक, ज्यात भेसळ ते दुसरे, आणि दुसऱ्याच औषधाच्या नावाखाली केलेले किंवा अस्तित्वातच नसलेल्या कंपनीचे नाव लावलेले बनावट औषध ते तिसरे. जेनेरिक ह्यांपैकी कशातच बसत नाही. ज्या रसायनाने गुण येतो त्या रसायनाच्या नावाने ते विकले जाते. त्यालाही परवाना लागतो, तपासणी लागते, आणि कोणी केले ते पट्टीवर छापावे लागते. शोध लावणाऱ्याला पेटंटाचा हक्क वीस वर्षे असतो. तो संपला की तेच रसायन इतरांनीही करावे, ह्यात चोरी नाही. आधीच्या काळात तर १९७० चा पेटंट कायदा औषधाला नव्हे, ते करण्याच्या कृतीला पेटंट देत असे. म्हणून निराळ्या कृतीने तेच औषध करण्यास आपले रसायनशास्त्रज्ञ मोकळे होते. ही मुभा २००५ पर्यंत होती.

त्या मुभेत काय घडले ह्याचे उदाहरण आपल्या उपनगरांच्या वेशीतलेच आहे. घाटकोपर आणि मुलुंड ह्यांच्या दरम्यान विक्रोळीला सिप्लाचा जुना कारखाना. ख्वाजा अब्दुल हमीद ह्यांनी ही कंपनी १९३५ साली मुंबईत काढली. २००१ च्या फेब्रुवारीत त्यांचे चिरंजीव युसुफ हमीद ह्यांनी एड्सवरील तीन औषधांचा वर्षाचा साठा दर रोग्यामागे ३५० डॉलरांस, म्हणजे दिवसाला एका डॉलरहूनही कमी दराने, परदेशी डॉक्टरांच्या एका सेवासंस्थेस देऊ केला. त्या वेळी पाश्चात्त्य देशांत ह्याच उपचाराला वर्षाकाठी दहा हजार डॉलरांहून अधिक लागत. तिकडच्या कित्येक कंपन्यांनी ह्याला चाचेगिरी म्हटले. आफ्रिकेत ज्यांचे प्राण वाचले त्यांना त्या गोळीला काय म्हणतात ह्याची फिकीर असण्याचे कारण नव्हते.

हे सर्व मी काकूंना एका बैठकीत सांगितले असे समजू नका; तसे केले असते तर त्यांचा रक्तदाब आणखी वाढला असता. मी त्यांना एवढेच दाखविले की, गोळीच्या पट्टीवर औषधाचे नाव, कंपनीचे नाव व पत्ता, परवान्याचा क्रमांक, घाणीचा म्हणजे बॅचचा क्रमांक आणि मुदतीची तारीख छापलेली असते. १ ऑगस्ट २०२३ पासून अधिक खपाच्या ३०० नाममुद्रांच्या औषधांवर चौकोनी सांकेतिक चिन्हही छापणे सक्तीचे झाले आहे. ते मोबाइलने पाहिले की माहिती उघडते. बनावट औषधाची भीती बाळगावीच, ती रास्त आहे. ते बाजारात सापडते आणि मोठ्या नावाच्या गोळीचेच अधिक करून होते, कारण नक्कल करावयाची तर पैसा असेल त्याचीच कोणी करील. त्यासाठी दुकानदाराकडून बिल घ्यावे, शंका आली तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करावी. जनऔषधीची दुकाने २००८ पासून सरकारी योजनेतूनच निघालेली आहेत, तेथेही बिल मिळते.

काकू एक दिवस जुनी पट्टी आणि नवी पट्टी घेऊन माझ्याकडे आल्या. दोन्हींवर बारीक अक्षरांत रसायनाचे नाव एकच होते, प्रमाणही एकच. त्यांनी ते दोनदा वाचले, मग डॉक्टरांना नेऊन दाखविले. हल्ली त्या गोळी रोज घेतात. पट्टीवरची अक्षरे वाचण्यासाठी त्यांनी एक भिंग विकत आणले आहे, आणि इमारतीतल्या इतर बायकाही ते मागून नेतात.